सहा माणसांच्या घरात रोज सकाळी पोटभरीची न्याहारी कशी जमवायची?

ताई, तुम्ही लिहिलंय की लग्न होऊन पुण्याकडून विदर्भातल्या खेड्यात आलात, घरात सहा माणसं आहेत, सातच्या आत सगळं उरकावं लागतं, आणि पोहे-उपमा करूनही दहा वाजता सगळ्यांना परत भूक लागते. मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका गावात राहते. आम्हीही सहाच: सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. कापूस, तूर, सोयाबीन आणि एक गाय. तेव्हा रोज जे करते तेच सांगते.

सकाळी उठून "आज काय करू" असा विचार करत बसलं की पोहेच होतात. आमच्याकडे उद्याची न्याहारी रात्रीची भांडी घासायच्या आधी ठरते. काहीतरी भिजत पडतं, काहीतरी मोडासाठी बांधलं जातं, नाहीतर दोन भाकरी जास्तीच्या थापल्या जातात. रात्रीची ही दहा मिनिटं दिली नाहीत, तर मी पुढे जे लिहिणार आहे त्यातलं काहीच सातच्या आत होणार नाही.

तुम्ही विदर्भात आलाच आहात तर आधी कण्या शिका. चक्कीतून ज्वारी भरडून आणायची, पीठ चाळून काढायचं, मागे उरतात त्या कण्या. सहा जणांना अडीच वाट्या लागतात. रात्री दोन-तीन पाण्यांनी धुवायच्या, वर तरंगणारा कोंडा ओतून द्यायचा आणि भिजत ठेवायच्या. सकाळी जाड बुडाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, कण्यांच्या चौपट पाणी उकळायचं, मीठ घालायचं, कण्या सोडायच्या. मला हे सासूबाईंनी शिकवलं. त्या मागे उभ्या राहून एवढंच म्हणत, "पयले उकळी येऊ दे, मंग झाकण टाक. तवरोक हालवनं सोडू नोको, बुडाला लागते." पहिल्या उकळीपर्यंत हलवत राहिलं की गाठी होत नाहीत, हे त्यातलं खरं. मग मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. घट्ट वाटल्या तर वरून गरम पाणी घालायचं, थंड नाही. तेवढ्या वेळात डब्याची भाजी होते.

कण्यांसोबत अंबाडीची भाजी. पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत ती बाजारात मिळते, कुणाच्या तरी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, असतेच. पानं उकडून पाणी पिळून टाकायचं, शिजलेली तुरीची डाळ आणि मूठभर कण्या घालून घोटायची, वरून लसूण आणि लाल मिरचीची भरपूर तेलाची फोडणी. भाजी रात्रीच करून ठेवा, सकाळी ती जास्त लागते. अंबाडी नसेल तेव्हा ताक आणि लसणाची फोडणी. एवढी थाळी खाऊन माझा नवरा सातला शेतात जातो आणि बारापर्यंत घराकडे पाहत नाही.

हे पोटात टिकतं त्याला कारण आहे. भरड धान्य सावकाश पचतं. शिवाय ज्वारीच्या प्रथिनात लायसीन नावाचा शरीराला लागणारा घटक कमी असतो आणि डाळीत तो भरपूर असतो, म्हणून ज्वारी आणि डाळ एकत्र आली की दोन्हींचं काम पूर्ण होतं. कण्या-अंबाडी, भाकर-चून (चून म्हणजे तुमच्याकडचं पिठलं) या जोड्या आपल्या आज्यांनी उगाच लावलेल्या नाहीत. तुमच्या उपम्यात रवा आहे, डाळ नावाला फोडणीपुरती. म्हणून दहा वाजतात आणि भूक लागते.

हे मला कापसाच्या वावरात कळलं. लग्नानंतरचं पहिलंच वर्ष, वेचणीचे दिवस. सगळ्यांचं करून मी चहा आणि दोन टोस्टवर निघाले होते. दहाच्या सुमारास ओटी अर्धी भरली होती आणि पाय थरथरायला लागले, डोळ्यांपुढे पांढरं दिसायला लागलं. शेजारच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या बाईने मला बांधावर बसवलं. "चहावर कापूस येचाले आली काय वो बाई? हे घे, खाय पयले." तिच्या फडक्यात ज्वारीची भाकर होती, त्यावर घट्ट चून आणि जवसाची चटणी. अर्धी भाकर तिने मला दिली आणि अर्धी स्वतः खाल्ली. त्या दिवसापासून मी उपाशी घराबाहेर पडलेली नाही, आणि घरातल्या कुणाला पडू दिलेलं नाही.

तर चून-भाकर. तेलात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कांदा, हळद. मग पाणी उकळून बेसन वरून भुरभुरत घोटायचं. सकाळी दहा मिनिटांत होतं. भाकर थापायला वेळ नसेल तर रात्रीच्या भाकरी तव्यावर कडक शेका. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून तुमची भाकर तुटत असेल तर पीठ उकळत्या पाण्यात मळून बघा, आणि दळण दहा-बारा दिवसांपेक्षा जुनं ठेवू नका. जवसाची चटणी महिन्यातून एकदा करून बरणीत भरा: जवस तडतडेपर्यंत भाजायचं, सुकी मिरची, लसूण, जिरं, मीठ घालून कुटायचं. जवस अख्खं खाल्लं तर तसंच बाहेर पडतं, कुटलेलंच अंगी लागतं. फल्लीची, म्हणजे शेंगदाण्याची, चटणीही अशीच. मुलांना मी तीच देते, तिखट कमी घालून.

पोह्यांना मी नावं ठेवत नाही. आठवड्यातून एकदा आमच्याकडेही होतात, पण नुसते नाही. नागपूरकडचे तर्री-पोहे लोक चवीसाठी खातात, मला त्यातला चना महत्त्वाचा वाटतो. आदल्या दिवशी सकाळी गावरान चने भिजवायचे, रात्री फडक्यात बांधायचे, उन्हाळ्यात सकाळपर्यंत मोड दिसतात. थंडीत एक दिवस जास्त लागतो, मी गाठोडं चुलीजवळच्या फळीवर ठेवते. त्या चन्यांची पातळ, लाल तर्री करायची, पोह्यांत फल्लीदाणे सढळ हाताने, वरून सांबार आणि लिंबू. (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, बाजारात तुमचा गोंधळ होऊ नये म्हणून सांगते.) हिवाळ्यात पोपटाचे (वालाच्या शेंगांचे) दाणे किंवा तुरीचे सोले, म्हणजे ओले दाणे, पोह्यांत घाला. डिसेंबर-जानेवारीत सोले घरचेच असतात आणि मुलं शेंगा सोलत बसतात, तेवढंच एक काम हातावेगळं.

लिंबू पिळायला विसरू नका. त्याने चन्यातलं लोह अंगी लागायला मदत होते, आणि जेवणासोबतचा चहा नेमकं उलटं करतो. आमच्याकडे चहा उठल्या उठल्या होतो, न्याहारीसोबत नाही. सासऱ्यांना हे पटवायला वर्ष लागलं.

उन्हाळ्यात हे सगळं बदलतं. पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की सकाळी आठलाच तोंडाची चव जाते आणि मुलांची शाळा सकाळची असते. तेव्हा आंबील. रात्री ज्वारीचं पीठ ताकात कालवून झाकून ठेवायचं, सकाळी पाणी घालून उकळायचं, लसूण, जिरं, मीठ. कोमट झाली की पेलाभर प्यायची, सोबत कच्चा कांदा आणि भाजलेले फल्लीदाणे. शेतात जाणाऱ्यासाठी बाटलीत भरून द्यायची.

आता गव्हाचं. 2023 पासून रेशनचं धान्य मोफत झालं, ज्यांना माणशी पाच किलो गहू-तांदूळ मिळतात त्यांच्या घरी पोळ्याच जास्त होणार. ज्वारी आता स्वस्त राहिली नाही. आमच्या शिवारात सोयाबीन आल्यापासून तिचा पेरा कमी झाला, जी पेरतात ती पाखरं आणि रानडुकरं ठेवत नाहीत. म्हणून रात्रीच्या उरलेल्या पोळ्या मी वाया जाऊ देत नाही. हाताने बारीक कुस्करायच्या, कांदा, मिरची, फल्लीदाण्याच्या फोडणीत परतायच्या आणि मूठभर मोडाचे मूग घालायचे. भात उरला असेल तर बेसन आणि ज्वारीचं पीठ मिसळून, बारीक चिरलेला पालक घालून त्याची धिरडी. एका धिरड्यानं भागत नाही, माणशी तीन धरा.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण मी सांगणार. सहा माणसांची न्याहारी एका बाईच्या दोन हातांवर रोज होत नाही. झाली तर ती स्वतः उभ्याने, उरलंसुरलं खाते. आमच्याकडे कण्या भिजत घालायचं काम नवऱ्याचं आहे, गाईचं दूधही तोच काढतो. मुलगी दाणे कुटते, मुलगा ताक घुसळतो. सासूबाई लसूण सोलतात. मी सगळ्यांसोबत ताट वाढून घेऊन बसते. सुरुवातीला सासूबाईंना हे खटकलं होतं. कापसाच्या वावरातली गोष्ट त्यांना सांगितल्यावर त्यांनीच एक दिवस माझं ताट आधी वाढलं. तुम्ही नव्या घरात आहात, तुम्हाला हे लगेच जमणार नाही हे मला कळतं. सुरुवात भिजत घालण्यापासून करून बघा. रात्री पातेलं हातात द्यायचं आणि "एवढं धुऊन ठेवा" म्हणायचं, त्याला कुणी नाही म्हणत नाही.

मुलं कण्या खात नाहीत असं तुम्ही म्हणाल. माझीही खात नव्हती. त्यांच्या वाटीत मी गरम दूध, गूळ आणि चमचाभर तूप घालून दिलं, अंबाडीचं नावही काढलं नाही. मोठी आता स्वतःहून भाजी मागते, धाकट्याला अजून गूळच लागतो.

चक्कीवाल्याला नुसतं "भरड दळा" म्हणू नका, "कण्या काढायच्या आहेत" असंच सांगा, नाहीतर अर्धं पीठ होऊन येतं. पहिल्यांदा दोनच किलो काढा. पावसाळ्यात कण्यांना लवकर जाळं धरतं, तेव्हा पंधरा दिवसांपुरत्याच आणा आणि डबा भरण्याआधी एक दिवस उन्हात ठेवा.