आजोबांची गंजलेली लीव्हर-अॅक्शन विंचेस्टर घरच्या घरी नव्यासारखी कशी करायची?

नव्यासारखी करू नका. माझं उत्तर इथंच संपलं खरं तर, पण हा प्रश्न वाचल्यावर मला गप्प बसवेना.

तुम्ही लिहिलंय की बायकोच्या आजोबांची "१८९४ सालची" विंचेस्टर रायफल (लीव्हर-अॅक्शन, म्हणजे ट्रिगरपाशी असलेला दांडा खाली-वर करून काडतूस भरायची) तुमच्याकडे आली आहे, वरून गंज आहे, दस्ता काळा पडलाय, आणि ती चकाचक करायला काय काय लागेल आणि किती खर्च येईल. पहिलं म्हणजे १८९४ हे साल नाही, मॉडेलचं नाव आहे. जॉन ब्राउनिंगनं युटातल्या ऑग्डेनला बसून डिझाइन केली, विंचेस्टरनं कनेक्टिकटच्या न्यू हेवनला बनवायला घेतली, आणि २००६ ला तिथला कारखाना बंद होईपर्यंत बनतच होती. ७० लाखांच्या वर बनल्या. नळीवर २१ ऑगस्ट १८९४ दिसतं ती पेटंटची तारीख, ती किंवा नुसतं मॉडेलचं नाव वाचून लोक सव्वाशे वर्षांची अँटिक म्हणून नाचतात आणि निघते बरीच नंतरची. माझा साडूही नाचला होता, त्याच्याकडे येतोच. खरं साल रिसीव्हरच्या (नळी आणि दस्ता यांच्या मधला धातूचा सांगाडा) खालच्या बाजूला पुढं नंबर असतो त्यावरून काढतात, आणि त्यातही याद्या दोन आहेत आणि एकमेकींशी जुळत नाहीत. वायोमिंगमधल्या कोडीच्या म्युझियमकडे कारखान्याच्या जुन्या वह्या आहेत, तुमचा नंबर त्यात बसत असेल तर पैसे भरून पत्र मिळतं, ते मागवा.

आता माझं ऐका. मी मूळचा कोल्हापूरचा, वडिलांचं उद्यमनगरात दोन लेथचं वर्कशॉप, आणि त्यांचा एकच नियम, पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात देताना त्यात गिऱ्हाइकाला स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे. मी इकडं पेनसिल्व्हेनियात इरीला आलो तेही त्याच हातावर, प्लॅस्टिकच्या मोल्डचं पॉलिशिंग, डायमंड पेस्ट लावून आरसा काढायचा. वीस वर्षं हेच केलंय, आणि बढाई म्हणा हवं तर, आमच्या शॉपमध्ये आरसा काढायचा असला की काम माझ्याच टेबलावर यायचं. त्यामुळं शेजारच्या आजोबांनी २०११ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या वडिलांची ९४ (हेच १८९४ मॉडेल) माझ्या हातात दिली आणि "जरा साफ करून देशील का, थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी न्यायची आहे" म्हणाले, तेव्हा मला वाटलं हे तर डाव्या हाताचं काम. (त्या सोमवारी इकडं हरणांचा सीझन सुरू व्हायचा, शाळांना सुट्टी असायची, आपल्याकडं बेंदराला घरात जसं वातावरण असतं तसं. आता शनिवारी सुरू होतो.) ते "साफ" म्हणाले होते हां. तो शब्द मी ऐकलाच नाही.

बंदूक कशी होती सांगतो. थर्टी-थर्टी काडतुसाची, नळी तपकिरी झालेली, गंज थोडा मागच्या साइटपाशी (नेम धरायची खाच) आणि मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसं भरायच्या नळीच्या टोकाला, बस. दस्ता अक्रोडाचा, मानेपाशी शंभर वर्षांचं तेल पिऊन काळा. आणि रिसीव्हरच्या पोटाला, लीव्हरच्या जरा पुढं, जिथं बंदूक एका हातात तोलली जाते, तिथं निळा रंग (लोखंडावर गंजापासून जपायला चढवतात तो, ब्लूइंग) पार उडून पांढुरका राखाडी पट्टा पडलेला, तळहाताच्या मापाचा. मला तो डाग वाटला.

उघडताना पहिली माती खाल्ली. ९४ मध्ये लीव्हर खाली ओढला की पोटाचा तुकडाच खाली येतो, तो ज्या पिनेवर फिरतो ती पिन अडवायला एक इवलासा स्क्रू असतो, तो आधी काढायचा असतो. मला दिसला नाही, मी पिनेवर ठोकत बसलो. मग दिसला तर साध्या स्क्रूड्रायव्हरनं त्याची खाच फाडली. या बंदुकांच्या स्क्रूच्या खाचा पातळ आणि सरळ असतात, आपला नेहमीचा स्क्रूड्रायव्हर टोकाला निमुळता, तो खाचेच्या वरच्या कडेला बसतो आणि सोलतो. खाचेच्या मापाचे, समांतर घासलेले बिट मिळतात, ते आणा, दुसरं काही आणलं नाही तरी चालेल. चोवीस तास आधी पेनिट्रेटिंग ऑइल सोडून ठेवा.

मग मी बफिंग व्हील लावलं. मऊ बफ, हिरवा साबण (पॉलिशिंगचा), आणि खरं सांगतो त्या दिवशी मजा आली, काय ते लोखंड दिसायला लागलं, पाण्यासारखं. संध्याकाळी लाइटखाली धरलं तेव्हा कळलं. रिसीव्हरच्या ज्या कडा सुरीसारख्या सरळ असायला हव्यात त्या साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या, स्क्रूच्या भोकांची बशी झालेली, आणि नळीवरची अक्षरं, न्यू हेवनपर्यंत ठीक, पुढं ऑगस्टचा "ऑ" गायब आणि २१ मधला १ गायब. मोल्डवर असं झालं असतं तर मी माझ्याच हाताखालच्या पोराला हाकललं असतं. पण मी काय केलं, तर झाकलं. कोल्ड ब्लूची बाटली आणली, त्यात मोरचूद आणि सेलेनियमचं काहीबाही असतं, बोळ्यानं लावायचं, पाच मिनिटांत काळं. वास असा की बायकोनं गॅरेजचं दार बाहेरून लावून घेतलं. रंग आला, पण निळा नाही, स्टोव्हच्या काजळीसारखा, आणि बोटानं चोळलं की बोट काळं.

थँक्सगिव्हिंगच्या आधी नेऊन दिली. आजोबांनी घेतली, फिरवून पाहिली, "बरीच चमकतेय" म्हणाले. मग तळहात रिसीव्हरच्या खाली घातला, तोलून धरली, तसंच थोडा वेळ उभे राहिले, आणि विचारलं, "इथं खाली जे होतं ते परत येतं का?" मी म्हटलं येईल, हाताला घाम असतो, वापरलं की येतं. माणूस ८१ वर्षांचा होता हो. त्यांच्या वडिलांनी ती पन्नास वर्षं त्या एका जागी धरून जंगलात नेली होती. सोमवारी त्यांच्या खांद्याला दुसरीच बंदूक होती. मला बोलले काही नाहीत कधी, बर्फ पडला की माझ्या आधी माझाच ड्राइव्हवे मोकळा करायचे, तेच जास्त लागायचं.

तर हे सगळं तुम्ही करू नका. काय करा ते सांगतो. गंज वरवरचा असेल तर तेल लावा आणि ०००० नंबरच्या स्टील वूलनं हलकं फिरवा, आणि जिथं गुठळी आहे तिथं १९८२ च्या आधीचा पेनी (इकडचं एक सेंटचं नाणं) घ्या, तो जवळजवळ सगळा तांब्याचा असतो, तेलातच त्याच्या कडेनं खरवडा. तांबं गंजापेक्षा कठीण नाही पण गुठळी सुटते आणि खालच्या लोखंडाला ओरखडा येत नाही. एमरी पेपर, वायर व्हील, ड्रिलला लावायचे ते ब्रश, सगळं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. तांबडा गंज बराच असेल तर उकळा. हो, उकळा. लाकूड काढायचं, भाग सुटे करायचे, अॅसिटोननं तेलाचा अंश न अंश काढायचा आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये वीस-तीस मिनिटं उकळायचं. तांबड्या गंजाचा काळा ऑक्साइड होतो, तो लोखंडाला धरून बसतो, वर जी काजळी येते ती मऊ स्टील वूलनं उतरवायची, मग परत उकळायचं, तीन-चार वेळा, शेवटी तेलात बुडवायचं. जुन्या काळी कारखान्यांत रस्ट ब्लूइंग म्हणून जे करत तेही याच तत्त्वावर, तिथं गंज मुद्दाम आणायचे एवढंच. नळी मावत नाही म्हणून मी पत्र्याची पन्हळ दोन्हीकडून बंद करून दोन शेगड्यांवर ठेवतो, बायको पोह्यांचं पातेलं देत नाही आता. जिथं खड्डे पडलेत ते खड्डे राहतात, राहू द्या. जिथं रंग हातानं उडालाय तिथं काही लावू नका.

नळीच्या आतही बघा. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधलं (बुडाशी ठिणगी देणारी टोपी) मीठ हवेतलं पाणी ओढतं, त्यानं आत खड्डे पडतात, ते नुसत्या तेलानं जात नाही, आधी गरम पाणी आणि मग तेल.

दस्त्याला पॉलिश पेपर लावायचा नाही. नवीन असताना लाकूड धातूपेक्षा केसभर वर ठेवलेलं असतं, घासलं की ते खाली जातं आणि मग कितीही पॉलिश करा, ओळखणारा लांबून ओळखतो. तेल पिऊन काळं झालेल्या जागी खडूची पूड अॅसिटोनमध्ये कालवून लेप द्या, सुकला की तेल ओढून पिवळा पडतो, झटका आणि परत लावा. पोचा असेल तर ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री, वाफेनं लाकूड फुगून वर येतं. मग जवसाचं तेल, पण बॉइल्ड म्हणून मिळतं ते, अगदी थोडं, तळव्यानं चोळून. व्हार्निश, लॅकर असलं काही दाखवूसुद्धा नका.

आता साडू. तो क्लीव्हलंडला असतो, त्याच्याकडेही एक ९४ आहे आणि दर दिवाळीला फराळाच्या ताटावर आमचा हाच वाद. त्याचं म्हणणं, वस्तू आहे, वस्तू नवी दिसली पाहिजे, तुम्ही गाडीला पॉलिश मारता तेव्हा तिचा इतिहास पुसता का. मी म्हणतो गाडी रोज बनतेय. त्यानं स्वतःची दुकानात देऊन हॉट ब्लू करून आणली, कॉस्टिकच्या उकळत्या टाकीतलं. आता गंमत अशी की त्याची "१८९४" निघाली सत्तरच्या दशकातली. १९६४ ला विंचेस्टरनं खर्च कापायला बांधणी बदलली, नंतरच्या बऱ्याच रिसीव्हरांचा धातू साधं ब्लूइंग धरत नाही, म्हणून कारखान्यात वर लोखंडाचा थर देत होते. दुकानवाल्यानं पॉलिश करताना तो थर उडवला. रिसीव्हर झाला भरताच्या वांग्याच्या रंगाचा, नळी मात्र काळीकुळकुळीत, आणि हा त्याला अँटिक लुक म्हणतो! म्हणजे तुमची १९६४ नंतरची असेल तर रिसीव्हरच्या रंगाच्या वाटेलाच जाऊ नका, गंज पुसा आणि सोडा. वांगं बघायचं असेल तर साडूचा नंबर देतो.

खर्चाचं म्हणाल तर चांगल्या कारागिराकडून सगळं कडा-अक्षरांसकट पूर्ववत करून घेतलंत तर साध्या ९४ ला तिच्या किमतीपेक्षा बिल जास्त येईल, आणि वर मूळ फिनिश गेलं म्हणून संग्राहक कमी पैसे देतील ते वेगळंच. पन्हळ, पेनी आणि तेलाला काय लागतं ते तुम्हीच बघा.

दोन-तीन गोष्टी वर सांगायला हव्या होत्या त्या आता सांगतो. १८९८ पर्यंत बनलेली बंदूकच इकडच्या केंद्रीय कायद्यात अँटिक, त्यानंतरची साधी बंदूकच, आणि तुम्ही एच-वन वर असाल तर ती जवळ ठेवणंच गुन्हा ठरू शकतो, शिकारीचं लायसन्स वगैरे अपवाद आहेत पण ते वकिलाला विचारा, मला नको, राज्याराज्याचं परत वेगळं. ग्रीन कार्ड झालं असेल तर हा प्रश्न नाही. भारतात न्यायचं तर डोक्यातसुद्धा आणू नका. मॅगझिनमध्ये, चेंबरमध्ये काही नाही हे बघितलं असेलच, तरी परत बघा, नळीच्या मॅगझिनमध्ये एखादं काडतूस अडकून राहतं. उडवायची असेल तर आधी गनस्मिथला दाखवा, घोड्याची अर्ध्यावरची खाच झिजलेली असू शकते आणि जुन्या ९४ ला हातानं लावायची दुसरी सेफ्टी नाही. आणि काडतुसं बोथट नाकाचीच आणा, नळीत एकामागे एक बसतात, टोकदार गोळीचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर टेकतं. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, आपोआप पेटतात. बाहेर मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

आणि साडूबुवा, हे तुम्ही वाचणार मला ठाऊक आहे. "मी बफ मार असं कधी म्हणालोच नाही" हे गेली कित्येक वर्षं चाललंय. नोव्हेंबरचा पहिला शुक्रवार होता, मी गॅरेजमधून स्पीकरवर होतो, "मऊ बफवर एक हात मार, दोन मिनिटांत निघतंय" हे वाक्य तुमचं. मागं तुमच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली होती आणि तुम्ही फोन न ठेवता गॅस बंद करायला गेला होतात.