रविवार चुकला तर पाप?

प्रश्न : शिफ्टमुळे महिन्यातले दोन रविवार उपासना चुकते. पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रातली 10:25 (अध्याय 10, ओवी म्हणजे वचन 25) दाखवून याला पाप म्हणतात. वचन स्वतः कसं तपासावं?
– एक वाचक, खडकी, पुणे

उत्तर : एकच ओवी उचलू नका. 10:19 ते 39 एका बैठकीत वाचा. 25व्या ओवीत एकत्र मिळणं सोडू नका असं आहे, पण वार दिलेला नाही. 32 ते 34 मध्ये छळ आणि मालमत्तेची लूट येते. म्हणजे इशारा मंडळीकडे (चर्चच्या समुदायाकडे) पाठ फिरवणाऱ्यांना आहे, ड्युटीवरच्या माणसाला नव्हे. खरी गफलत 26व्या ओवीत होते. तिथलं ‘बुद्धिपुरस्सर पाप’ गैरहजेरीला चिकटवलं जातं. 29वी ओवी मात्र देवाच्या पुत्राला पायाखाली तुडवण्याबद्दल बोलते.

वाराबद्दल प्रेषितांची कृत्ये 2:46 (दररोज), 20:7 (आठवड्याचा पहिला दिवस) आणि रोमकरांस पत्र 14:5 (वाराबद्दल ज्याची त्याची खात्री) शेजारी ठेवा. पहिल्या दोन ओव्या घडलेलं सांगतात, आज्ञा देत नाहीत.

पण घरी बसायला मत्तय 18:20 मधले ‘दोघे किंवा तिघे’ पुढे करू नका. तो भाग अपराधी भावाला समजावण्याचा आहे, आणि 17वी ओवी प्रकरण मंडळीपुढेच नेते! इब्री 10:24 मधलं ‘एकमेकांना’ मोबाईलवर प्रवचन ऐकून पुरं होत नाही. आठवड्यातल्या घरगुती प्रार्थनासभेला जा, आणि ही वचनं घेऊन पाळकसाहेबांशी उपासनेनंतर घाईत नव्हे, वेळ ठरवून बोला.

कॅथलिक वाचकांसाठी : रविवारच्या मिस्साचं बंधन चर्चच्या कायद्यात आहे, गंभीर कारण असल्यास सूट मिळते.