वाचक विचारतात : तळ्यावरचे वारकरी आणि माळावरचे भोवत्ये

प्रश्न : सकाळी कंबर तलावावर फिरताना काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे पक्षी पोहताना दिसतात. माझी नात त्यांना बदके म्हणते. ती बदकेच आहेत का? आणि दूरदेशीचे पक्षी पाहण्यासाठी भिगवणलाच जावे लागते का?
– एक आजोबा, जुळे सोलापूर

उत्तर : ते वारकरी आहेत, त्यांना चांदवा असेही म्हणतात. बदकाची चोच चपटी असते, तर वारकऱ्याची कोंबडीसारखी टोकदार आणि पांढरी असून तो पांढरा रंग थेट कपाळावर चढलेला असतो. पक्षी काठावर आला की नातीला त्याचे पाय अवश्य दाखवा. बदकाच्या बोटांमध्ये अखंड पडदा असतो. वारकऱ्याच्या प्रत्येक बोटाला मात्र स्वतंत्र झालर असते. उडण्यापूर्वी तो पाण्यावरून बरेच अंतर पाय आपटीत धावतो, हे एकदा पाहिले की नात पुन्हा फसणार नाही.

भिगवणला जरूर जावे, पण त्यावाचून अडत नाही. तुळजापूर रस्त्याजवळचा हिप्परगा तलाव, म्हणजे एकोणिसाव्या शतकात आदिला नदी अडवून बांधलेला एकरुख तलाव, आपल्या अगदी दाराशी आहे. फावड्यासारख्या चोचीचा थापट्या, लांब टोकदार शेपटीचे तलवार बदक आणि जोडीने वावरणारा नारिंगी चक्रवाक यांच्यासाठी अशा तलावांवर नजर ठेवावी. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस दिसला, तर तो तिबेट-मंगोलियाकडच्या उंच सरोवरांवरून हिमालय ओलांडून आला आहे, हे नातीला सांगायला विसरू नका.

सकाळी पूर्वेकडच्या काठावर थांबावे, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो आणि रंग नीट दिसतात. पाण्याच्या पातळीकडेही लक्ष ठेवावे. पाऊस भरपूर झालेल्या वर्षी तलाव काठोकाठ भरलेला असतो आणि चिखलातले किडे वेचणाऱ्या तुतवार, चिखल्या, पाणटिवळा अशा पक्ष्यांना उभे राहायलाच जागा मिळत नाही. जानेवारीत संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेनंतर पाणी ओसरू लागून चिखल उघडा पडतो आणि त्याच तलावावर हे पक्षी दिसू लागतात. म्हणून डिसेंबरातील एका फेरीवरून कोणत्याही तळ्याविषयी मत बनवू नये.

प्रश्न : आमच्या शाळूवर भोरड्यांचे थवे उतरतात. गोफण चालवून हात दुखतात. हा पक्षी येतो कोठून, आणि त्याचा काही उपयोग आहे का?
– एक शेतकरी, उत्तर सोलापूर तालुका

उत्तर : भोरडी मध्य आशियापासून पूर्व युरोपापर्यंतच्या गवताळ प्रदेशात वीण करते. तेथे तिचा मुख्य आहार टोळ आणि नाकतोडे हा असल्यामुळे तेथील शेतकऱ्याला ती मित्र वाटते. आपल्याकडे ती पावसाळा सरताना येऊ लागते आणि कणसात दूध भरून हुरडा तयार होतो, नेमके तेव्हाच तिचे मोठे थवे शिवारात असतात. तुमचे नुकसान खरे आहे आणि राखण करण्यात काहीही गैर नाही; फक्त विषारी दाणे टाकू नयेत, कारण त्यांनी चिमण्या, होले आणि तित्तिरही मरतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये हेच पक्षी मध पिण्यासाठी पळस-पांगाऱ्यावर गर्दी करतात, म्हणून त्यांना पळसमैना असेही नाव आहे.

प्रश्न : नान्नजला माळढोक दिसेल का?
– एक विद्यार्थिनी, होटगी रस्ता

उत्तर : त्या आशेने जाऊ नका. १९७९ साली ज्याच्यासाठी हे अभयारण्य जाहीर झाले, तो पक्षी येथून जवळजवळ दिसेनासा झाला आहे, आणि हे लिहिताना मला अतिशय वाईट वाटते. तरीही नान्नजला जा, वनखात्याची परवानगी घेऊन जा, आणि भोवत्या पाहा. पंख किंचित वर उचलून, गवताच्या शेंड्यांना जवळजवळ स्पर्श करीत संथपणे घिरट्या घालणारा हा शिकारी पक्षी हिवाळ्यासाठी उत्तरेकडून येतो, टोळ, उंदीर व लहान पक्षी खातो आणि संध्याकाळी इतर भोवत्यांसोबत उंच गवतात, थेट जमिनीवर झोपतो. त्यामुळे गवत पेटले किंवा नांगरले गेले की त्याचा निवाराच नाहीसा होतो. माळावर ओळीने झाडे लावणेही मला चुकीचे वाटते. माळ ही पडीक जमीन नव्हे. धाविक, माळटिटवी, चंडोल आणि काळवीट यांना मोकळे गवतच हवे असते. सूर्यास्तानंतर मात्र गवतात पाऊल टाकू नका. झोपायला उतरलेले भोवत्ये एकदा उठले की अंधारात त्यांना दुसरी जागा शोधावी लागते.