सांगलीकडच्या काळ्या रानात बांधलेल्या घरांना तडे का जातात, आणि त्यावर उपाय काय?

कृष्णाकाठच्या काळ्या मातीतले माँटमोरिलोनाइट हे खनिज पावसाळ्यात पाणी धरून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून रानाला हात जाईल एवढ्या भेगा पाडते. त्यामुळे उथळ पाया वरखाली होतो व खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरका तडा निघतो. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी अशा मातीवर चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा (आपल्याकडे चिकण मुरूम चालतो, पण तपासून) साधारण १ मीटर जाडीचा, नीट दाबलेला थर देण्याची पद्धत संशोधनातून मांडली. आधी फुगवण चाचणी करून घ्यावी: चाळलेली १० ग्रॅम माती पाण्यात आणि तेवढीच रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात; रॉकेलमध्ये ती फुगत नाही, म्हणून दोन्ही नळ्यांतला फरक डोळ्यांनाच दिसतो.