वाचकांचे प्रश्न : माशाचं तोंड नेहमी पुढेच का?

प्रश्न : डिसेंबरमध्ये अंबाझरी तलावावर घारीएवढा एक पक्षी मासा घेऊन उडताना दिसला. पोट पांढरं, मासा लांबट धरलेला, तोंड पुढे. हा योगायोग की सवय? (एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर)

उत्तर : सवयच. वर्णनावरून हा ऑस्प्रे, हिवाळी पाहुणा. डोळ्यावरून मागे जाणारा काळपट पट्टा आणि उडताना मनगटाच्या सांध्यात वाकलेले लांब पंख दिसले असतील तर शंकाच नको.

तो साधारण १० ते ४० मीटर उंचीवरून पाणी न्याहाळतो, वाऱ्याकडे तोंड करून एका जागी फडफडतो आणि मग पाय पुढे करून सूर मारतो. फार तर मीटरभर खोल जातो, म्हणून मासा पृष्ठभागाजवळच असावा लागतो. पाण्यातली वस्तू सरळ वरून पाहिली तरी खऱ्या खोलीच्या पाऊणपटच खोल दिसते. तिरकं पाहिलं तर फसगत आणखी वाढते. त्यात वाऱ्याने लाटा उठल्या की नेम हुकतो. रिकाम्या पायांनी वर आलेला ऑस्प्रे नवखाच असेल असं समजू नका. मुरलेल्यांचेही सूर वाया जातात.

खरी कमाल पायांत आहे. बाहेरचं बोट मागे वळतं, त्यामुळे दोन बोटं पुढे आणि दोन मागे अशी पकड बसते. तळव्यावर बारीक काटे असतात, म्हणून बुळबुळीत मासा निसटत नाही. वर आल्यावर पक्षी हवेतच अंग झटकतो, एक पाय पुढे आणि एक मागे घेत मासा सरळ करतो. आडवा मासा वारा अडवतो, पक्ष्याचा तोल जातो आणि दमही जातो.

आपली नेहमीची घार पाण्यात शिरतच नाही. वरच तरंगणारा, बहुधा मेलेला मासा ती पायाने अलगद उचलते आणि कित्येकदा उडता उडताच खाते.

प्रश्न : मोठा मासा पकडला की नख्या अडकतात आणि पक्षी बुडतो, हे खरं का?

उत्तर : नख्यांना असं कुलूप नसतं, पक्षी मासा सोडू शकतो. ऑस्प्रेचं स्वतःचं वजन सव्वा ते दोन किलो आणि रोजची शिकार बहुधा १५० ते ३०० ग्रॅमची. किलोभराचा रोहू पकडलाच तर पाण्यातून उठणंच जड जातं. अशा वेळी तो मासा सोडतो किंवा पंखांनी वल्हवत काठ गाठतो. बुडण्याच्या घटना घडतात, पण क्वचित.

प्रश्न : तलावाकाठच्या वाळलेल्या झाडाखाली डोकं नसलेला, शेपटीकडचा अर्धा मासा सापडला. कोणी खाल्ला?

उत्तर : ऑस्प्रे डोक्यापासून खायला सुरुवात करतो आणि उरलेला मासा तासन्‌तास पायाखाली धरून बसतो. कावळे किंवा घारी मागे लागल्या की तो मासा खाली पडतो. वरची फांदी उघडी, पाण्याकडे झुकलेली असेल तर सकाळी तिथे पुन्हा नजर टाका. आवडती फांदी तो सहसा बदलत नाही.