गळती मोजण्याआधी शेजार तपासा
दूरच्या दीर्घिकांतून निसटणारे आयनीकारक प्रारण (अणूतून इलेक्ट्रॉन काढून टाकणारा अतिनील प्रकाश; त्याचे निसटणे म्हणजेच गळती) शोधायला निघालेल्या नवख्या अभ्यासकाने विश्वाच्या पहिल्या अब्ज वर्षांतील दीर्घिकांत ते थेट दिसेल अशी आशा धरू नये. ९१२ अँगस्ट्रॉमहून कमी तरंगलांबीचा हा प्रकाश वाटेतला उदासीन, म्हणजे इलेक्ट्रॉन न गमावलेला हायड्रोजन गिळून टाकतो, म्हणून ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली याचे माप; ते जितके जास्त तितकी दीर्घिका दूर) ३ च्या आसपासच्या किंवा त्याहून जवळच्या दीर्घिका निवडाव्यात. ताम्रसृती ३ असताना तरंगलांबी चौपट होऊन ही सीमा ३६४८ अँगस्ट्रॉमवर सरकते, आणि त्याहून आखूड तरंगलांबीत एखादा फिकट ठिपका दिसला की मन हरखून जाते.

नेमके तिथेच थांबा. त्याच दृष्टिरेषेत जवळची एखादी लहान दीर्घिका असली, तर तिचा साधा प्रकाश हुबेहूब गळतीसारखा भासतो, आणि माझ्या मते सर्वांत जास्त फसगत इथेच होते. हबल अवकाश दुर्बिणीच्या प्रतिमेत प्रत्येक पुंजका वेगळा पाहा आणि त्याची ताम्रसृती वर्णपटावरूनच ठरवा.

भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरील अतिनील दुर्बिणीने १.४२ ताम्रसृतीच्या दीर्घिकेतील असे प्रारण टिपले, ज्याची घोषणा २०२० मध्ये झाली. त्यासाठी आकाशाच्या एकाच तुकड्याकडे २८ तासांहून अधिक काळ पाहावे लागले होते. इतक्या क्षीण संकेतात पार्श्वभूमीची वजाबाकी जराशी चुकली, तरी नसलेली गळती दिसू लागते. तेव्हा शेजारच्या रिकाम्या आकाशावरही तेच मोजमाप करून पाहा.