घरी ऑइल बदललं म्हणून वॉरंटी जाते का?

प्रश्न (सेलू तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र, थोडक्यात): ताई, मी रोज पहाटे गावातलं दूध सेलूला घालतो. चौदा महिन्यांपूर्वी कर्ज काढून नवी मोटारसायकल घेतली. तीन फ्री सर्व्हिसिंग आणि एक पैसे देऊन, अशा चार परभणीच्या शोरूमला केल्या. पैसे दिले त्या वेळी बिल १,७८० रुपये झालं. म्हणून पुढच्या दोन वेळा घरीच ऑइल बदललं, एअर फिल्टर टाकला, चेन साफ केली. काम मला येतं, गॅरेजवर होतो. आता पावसात मीटर बंद पडलंय, इंजिनात टकटक वाजायलंय आणि गाडी थोडा धूरही मारायली. शोरूमवाल्यांनी इंजिन न उघडताच जॉबकार्डावर ‘बाहेर सर्व्हिसिंग, वॉरंटी रद्द’ लिहिलं आणि १५,६०० रुपयांचं एस्टिमेट हातात दिलं. पाच वर्षांची वॉरंटी देऊन आता कामून नाही म्हणायलेत? स्वतःच्या गाडीचं ऑइल बदलणं गुन्हा आहे का?

उत्तर: भाऊ, गुन्हा अजिबात नाही. गाडी तुमची, पाना तुमचा. ऑइल कुणी बदलायचं हे सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. पण वॉरंटी म्हणजे कंपनीने तुम्हाला दिलेला शब्द, आणि तो अटी घालून दिलेला असतो. तुम्ही पाठवलेल्या पानावर ‘ठरलेल्या किलोमीटरला अधिकृत केंद्रातच सर्व्हिसिंग’ ही अट स्पष्ट छापलेली आहे. ती तुमच्याकडून दोनदा मोडली गेली, हे आधी मान्य करून टाकू. पुढे ग्राहक आयोगासमोर ते लपवायला गेलात तर पहिल्याच तारखेला तोंडावर पडाल. खरा वाद त्याच्या पुढचा आहे: अट मोडली म्हणून नेमकं काय गेलं?

शोरूम म्हणतं, सगळंच गेलं. मी म्हणते, चुकलेल्या सर्व्हिसिंगमुळे जे बिघडलं, तेवढंच गेलं. त्यामुळे तुमचं एस्टिमेट मी एक धरत नाही, दोन धरते: मीटरचे ४,२०० आणि इंजिनाचे ११,४००.

मीटरची बाजू भक्कम आहे. तुमच्या फोटोत काचेच्या आतून वाफ धरलेली दिसते, म्हणजे सीलमधून पाणी आत गेलंय. पुस्तिकेतल्या सर्व्हिसिंगच्या तक्त्यात ऑइल आहे, फिल्टर आहे, चेन, ब्रेक, प्लग आहे; मीटर उघडून तपासा असं कुठंही नाही. त्या दोन सर्व्हिसिंग तुम्ही शोरूमला केल्या असत्या तरी मीटरला कुणी हात लावला नसता. ‘घरी प्रेशरने धुतली असेल’ असं ते म्हणतील. म्हणू द्या. शोरूमचं वॉशिंगही प्रेशरनेच होतं, आणि पावसात चालवायची गाडी पावसाने बिघडत असेल तर दोष गाडीत आहे.

इंजिनाचं तसं नाही. इथं समोरच्याला बोलायला जागा आहे, आणि ती कुठं आहे हे तुम्हाला आधीच माहीत असलेलं बरं. ते तीन गोष्टी विचारतील: कोणतं ऑइल, किती किलोमीटरवर, आणि फिल्टर कसा बसवला. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून तिला डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (मोटारसायकलच्या ऑइलचं मानक) असं लिहिलेलं ऑइल लागतं. ट्रॅक्टरचं उरलेलं टाकलं असतं तर मी इथंच हात जोडले असते. तुम्ही कंपनीच्याच नावाचं, पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचं १०डब्ल्यू-३० टाकलंय, हे चांगलं. पण एक बिल पक्कं आहे आणि दुसरी कच्ची पावती. एक डबा घरी आहे, दुसरा फवारणीचं औषध मोजायला शेतात गेला. तो आजच्या आज परत आणा, बॅच नंबर पुसला नसेल तर तो पुरावा आहे. दुकानदार ओळखीचा असेल तर त्याच्या वहीतली नोंद दाखवून प्रतिज्ञापत्र द्यायला तयार आहे का, तेही विचारा.

फिल्टरचा मुद्दा ऑइलपेक्षा नाजूक आहे. आपल्या काळ्या रानातल्या रस्त्यांवर उन्हाळ्यात जो फुफाटा उडतो, तो फिल्टरच्या डब्याचं झाकण नीट बसलं नसेल तर सरळ सिलिंडरमध्ये जातो. पिस्टनच्या रिंगा झिजतात, ऑइल जळायला लागतं आणि धूर येतो. शोरूमने डोकं चालवलं तर ते हेच म्हणतील. म्हणून झाकण उघडायच्या आधी आहे त्या स्थितीत त्याचे फोटो काढा, मग आतली, इंजिनाकडे जाणारी बाजू पाहा. ती स्वच्छ असेल तर हा मुद्दा बराच ढिला पडतो. आत धूळ सापडली तर मला तसं खरं कळवा. मग इंजिनाची मागणी सोडून मीटरपुरतंच भांडू.

तुमच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे इंजिन अजून कुणी उघडलेलं नाही. न उघडताच त्यांनी कारण ठरवलं, हे त्यांच्याच जॉबकार्डावर त्यांच्याच अक्षरात आहे. तपासणी न करता वॉरंटी नाकारणं ही सेवेतली त्रुटी आहे, हा आपला पहिला मुद्दा. म्हणून आता गावातल्या मिस्त्रीकडून ‘जरा बघून घेऊ’ म्हणून हेड खोलू नका. एकदा तो नट फिरला की कुणी काय केलं याचा हिशेब लागत नाही. गाडी फार पळवूही नका. ‘आवाज असून चालवली, नुकसान वाढवलं’ हे वाक्य त्यांच्या वकिलाच्या तोंडी तयार असतं.

पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन शोरूमला जा. ऑइलची पातळी, रंग आणि किलोमीटरचा आकडा दिसेल असे फोटो तिथंच काढा. मीटर बंद असल्याने आकडा दिसत नसेल, तर मागच्या जॉबकार्डावरचा आकडा चालेल. सर्व्हिस ॲडव्हायझरला लेखी एवढंच मागा: ‘कोणता भाग, कोणत्या कारणाने बिघडला आणि त्याचा बाहेरच्या सर्व्हिसिंगशी संबंध काय?’ तोंडी उत्तर घेऊ नका. देत नसतील तर तोच मजकूर कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा, शोरूमला प्रत ठेवून. मोबाईलवरचे मूळ फोटो डिलीट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडून ते पुराव्यात देता येतात.

दुधाचा खाडा परवडत नाही, हे मला कळतं. पैसे भरून काम करून घ्यावंच लागलं, तर बिलावर सहीच्या वर ‘हरकत राखून, वॉरंटीचा हक्क न सोडता रक्कम भरली’ असं स्वतःच्या हाताने लिहा आणि त्याचा फोटो घ्या. काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून मागून घ्या, देत नसतील तर तेही लेखी मागा. इंजिन उघडताना तुम्ही समोर उभे राहा. शक्य असेल तर शासकीय तंत्रनिकेतनातले एखादे अध्यापक बरोबर न्या. त्यांचा दोन ओळींचा अहवाल ओळखीच्या दहा मिस्त्र्यांच्या बोलण्यापेक्षा जड भरतो.

आता दाद कुठं मागायची ते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात. कंपनीचं मुख्यालय दिल्लीला असो की पुण्याला, तुम्हाला तिकडं जायचं कारण नाही. शोरूम आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करा. एकट्या शोरूमला केलं तर ते ‘वॉरंटी कंपनीची’ म्हणून हात झटकतात, एकट्या कंपनीला केलं तर ती शोरूमकडे बोट दाखवते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही (हे वकिलानेच लिहिलंय, म्हणून खरं माना). मुदत दोन वर्षांची आहे आणि ती जॉबकार्डावरच्या नकाराच्या तारखेपासून धरा. निकाल तीन महिन्यांत, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा, असं कलम ३८ म्हणतं. प्रत्यक्षात तारखा लांबतात, त्या तयारीने या. तपासणीची फी आधी तक्रारदाराकडून भरून घेतात, हेही लक्षात ठेवा.

एक बारीक गोष्ट, जी तयार नमुन्यावरून तक्रार लिहिणाऱ्यांची हमखास चुकते. ‘ही अटच एकतर्फी आणि बेकायदा आहे, ती रद्द करा’ अशी मागणी जिल्हा आयोगात करू नका. अन्यायकारक कराराची तक्रार ऐकायचा अधिकार राज्य आयोगापासून पुढे आहे. परभणीत आपण वस्तूतला दोष, सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा एवढंच मांडायचं, आणि अट आहे तशी धरून तिचा अर्थ सांगायचा.

समोरून एक तांत्रिक हरकत नक्की येईल: दूध वाहता, म्हणजे गाडी धंद्यासाठी, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. घाबरू नका. स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त बसत नाही, असा खुलासा कायद्यातच आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ मधल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतः चालवायला रिक्षा घेणाऱ्याचं उदाहरण देऊन तो ग्राहक ठरतो असं म्हटलंय. तुमच्या दोन कॅनचं प्रकरण त्याहून साधं आहे. अडीअडचणीला भाचा गाडी नेतो, त्यानेही बिघडत नाही. पगारी माणूस ठेवला असता तर विचार करावा लागला असता. ‘ओव्हरलोड’ म्हणाले तर वजन सांगा: वीस-वीस लिटरचे दोन कॅन म्हणजे दूध साधारण ४१ किलो, कॅन धरूनही मागे बसणाऱ्या माणसापेक्षा कमीच.

तुम्ही यूट्यूबवरच्या एका व्हिडिओचा दाखला दिलाय की ‘बाहेर सर्व्हिसिंग केली म्हणून वॉरंटी नाकारणं बेकायदा आहे’. तो कायदा अमेरिकेचा आहे, १९७५ चा. परभणीत त्याचा उपयोग नाही, नोटिशीत तो घालू नका. आपल्याकडे त्याच्या जवळपास जाणारा आदेश आहे तो भारतीय स्पर्धा आयोगाचा (बाजारात कंपन्यांच्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था), २५ ऑगस्ट २०१४ चा. चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटींचा दंड लावताना आयोगाने सांगितलं की, बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. तो आदेश चारचाकीवाल्यांविरुद्ध होता आणि त्यावर पुढे अपिलं झाली, त्यामुळे तुमच्या शोरूमवर तो थेट बंधनकारक आहे असं मी म्हणणार नाही. पण विचाराची दिशा तीच आहे, आणि युक्तिवादात मी तो जरूर वाचेन.

आता त्या १,७८० च्या बिलाबद्दल, कारण सगळं तिथून सुरू झालं. लेबर ४५०, ऑइल ४२०, फिल्टर २६०, चेनचा स्प्रे १५०, इंजिन फ्लश ३००, पॉलिश २००. शेवटच्या दोन गोष्टी पुस्तिकेच्या तक्त्यात नाहीत आणि तुम्ही मागितल्याही नव्हत्या. गाडी देताना जॉबकार्डावर कोरी सही केलीत, तिथं ५०० रुपये गेले. त्या वगळल्या तर शोरूमचा खर्च १,२८०. घरी ऑइल आणि फिल्टरचे ६८०. म्हणजे एका खेपेला फरक ६०० चा, परभणीचा हेलपाटा वेगळा. या ६०० साठी आज तुम्ही १५,६०० चा वाद डोक्यावर घेतलाय. माझं मत विचाराल तर वॉरंटी आहे तोवर तक्त्यातलं काम शोरूमला, आणि तेवढंच. जॉबकार्डावर ‘याशिवाय दुसरं काम माझ्या फोनवरच्या होकाराशिवाय करू नये’ असं लिहूनच सही करायची. चेन, ब्रेकचं ॲडजस्टिंग, धुणं हे घरी खुशाल करा. ऑइलच्या डब्यावर जी एमआरपी असते तीत सगळे कर आलेले असतात. तीवर पुन्हा जीएसटी लावलेला दिसला तर बिल जपून ठेवा, ती स्वतंत्र तक्रार होते. आणि काढलेलं काळं ऑइल बांधावर किंवा नालीत ओतू नका, ते घातक कचऱ्यात मोडतं. सेलूत जुनं ऑइल विकत घेणारे असतात.

नोटीस पाठवण्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ती कंपनीपर्यंत जाते, आणि मीटरसारखी मागणी पुष्कळदा तिथंच मिटते. नाही मिटली तर नोटीस स्पीड पोस्टाने, पोच मागून, दोघांनाही पाठवा आणि त्यात पंधरा दिवसांची मुदत द्या. मीटर आणि इंजिन या दोन मागण्या वेगवेगळ्या परिच्छेदांत, वेगवेगळ्या रकमांसह लिहा, म्हणजे एक पडली तरी दुसरी उभी राहते.

जाता जाता, वॉरंटीचं पान तुम्ही एकाच बाजूने स्कॅन केलंय. ‘कशाला वॉरंटी लागू नाही’ ही यादी सहसा मागच्या बाजूला असते. त्यात मीटर किंवा विजेचे पार्ट कमी मुदतीचे असतील, तर वर लिहिलेलं भक्कम मत मला बदलावं लागेल. ती बाजू आधी पाठवा, नोटीस नंतर.